निवडणारा प्रशिक्षक आणि घडवणारा प्रशिक्षक

कोणत्याही कॉलेजच्या जिमखान्यात गेलात तर काचेच्या कपाटात ढाली आणि करंडक ओळीने मांडलेले दिसतात. ज्या क्रीडाशिक्षकाच्या काळात कपाट भरले तो मोठा आणि ज्याच्या काळात रिकामे राहिले तो कामाचा नाही, असा सरळ हिशोब असतो. गौरव समारंभ, पेपरातली बातमी, संस्थेच्या अहवालातले पान, सगळे याच हिशोबावर चालते. आमचे म्हणणे असे आहे की हे माप खोटे आहे. ते नुसते अपुरे नाही, खोटेच आहे. आणि या खोट्या मापाची किंमत रहिमतपूर, कोरेगाव, खटाव, माण या पट्ट्यातल्या वस्तीवरची मुले-मुली मोजत आहेत.

हा विषय खेळाचा आहे, आपल्या चळवळीचा नाही, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांनी जरा थांबावे. 'गुणवत्ता' या शब्दाने आपल्याला शंभर वर्षे दारात उभे केले आहे. आरक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "मेरिटचं काय?" हे मेरिट म्हणजे नेमके काय आणि ते कसे तयार होते, हे जितके उघड मैदानावर दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही. परीक्षेचा पेपर बंद खोलीत तपासला जातो. मैदानावर सगळे डोळ्यांसमोर घडते. म्हणून मैदानाचा अभ्यास आपण केला पाहिजे.

हिशोब कसा मांडायचा?

समजा, दोन प्रशिक्षक आहेत. पहिल्याकडे दहा मुले आली. दहाही जण आठव्या इयत्तेपासून अकादमीत खेळलेली, घरी दूध-अंडी, पायात चांगले बूट, वडिलांची मोटारसायकल मैदानापर्यंत सोडणारी. त्यातली पाच विद्यापीठाच्या संघात गेली. दुसऱ्याकडेही दहा मुले आली. एकालाही याआधी प्रशिक्षक मिळालेला नाही, चार जण सुट्टीत ऊसतोडीला जातात, दोघांकडे बूटच नाहीत. त्यातली दोन विद्यापीठाच्या संघात गेली आणि उरलेल्या आठांपैकी सात जणांनी तीन वर्षे खेळत पदवी पूर्ण केली.

जिमखान्याचे कपाट म्हणेल, पहिला मोठा, कारण पाच हे दोनपेक्षा जास्त. आम्ही म्हणतो, आधी हे सांगा की मूल कुठून आले आणि कुठपर्यंत गेले. पहिल्याकडची मुले त्याच्या हाताखाली आली नसती तरी त्यातली तीन-चार पोचलीच असती. दुसऱ्याकडचे एकही पोचले नसते. मग काम जास्त कोणी केले?

निवडणे आणि घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. निवडणारा तयार पिकाची कापणी करतो, घडवणारा माळरान नांगरतो. आपल्या संस्था कापणी करणाऱ्याला शेतकरी म्हणतात, इथेच घोळ आहे.

अमेरिकेत हा हिशोब कसा मांडला गेला

कॉलेजचे प्रशिक्षक म्हटले की जगात सगळ्यात गाजतात ते अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे. तिथले फुटबॉल म्हणजे आपल्याकडचे पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, अंगाला अंग भिडवणारा खेळ. तिथे शाळकरी मुलांना कॉलेजात येण्याआधीच दोन तारे, तीन तारे, पाच तारे असे दर्जे दिले जातात. पाच ताऱ्यांची मुले ठरावीक श्रीमंत विद्यापीठांत जातात, आणि मग तीच विद्यापीठे जिंकतात. निक सेबन या प्रशिक्षकाने सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यातली सहा अलाबामा विद्यापीठाकडून. माणूस कसलेला होता यात शंका नाही. पण त्याच्या दारात देशातली सगळ्यात जास्त तारे मिळालेली मुले वर्षानुवर्षे रांगेत उभी होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

याच अलाबामात त्याच्याआधी बेअर ब्रायंट नावाचे प्रशिक्षक होते. १९५८ ते १९८२ अशी पंचवीस वर्षे त्यांनी संघ चालवला आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या कारकिर्दीतल्या एकूण विजयांची संख्या ३२३. दंतकथा झालेला माणूस. पण १९७० पर्यंत त्यांच्या विद्यापीठाने एकाही काळ्या खेळाडूला फुटबॉलची शिष्यवृत्ती दिली नव्हती. म्हणजे ज्या राज्यात काळ्यांची मोठी वस्ती आहे, तिथला 'सर्वोत्तम' संघ गोऱ्यांमधून निवडला जात होता. याला कोणी आरक्षण म्हणत नव्हते, मेरिट म्हणत होते.

त्याच काळात लुईझियाना राज्यात ग्रॅम्बलिंग नावाचे छोटे कॉलेज होते, काळ्या विद्यार्थ्यांसाठीचे. १९४१ मध्ये तिथे बावीस वर्षांचे एडी रॉबिन्सन प्रशिक्षक झाले आणि मधली युद्धकाळातली दोन वर्षे सोडली तर १९९७ पर्यंत तिथेच राहिले. सुरुवातीला मदतनीस नाही, पैसा नाही. मैदानाचे गवत स्वतः कापायचे, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या स्वतः बांधायच्या. बाहेरगावी सामना असला की पोरांसाठी खाण्याचे डबे बरोबर घ्यायचे, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलात त्यांना बसू देत नसत. सकाळी वसतिगृहात घंटा वाजवत फिरून मुलांना वर्गाला उठवायचे. या माणसाने २०० हून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाठवले. १९८५ मध्ये त्यांनी ब्रायंट यांचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला आणि निवृत्त होताना त्यांच्या नावावर ४०८ विजय होते.

त्यांच्या एका शिष्याची गोष्ट तर आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगण्यासारखी आहे. त्या खेळात क्वार्टरबॅक ही जागा डोके चालवणाऱ्याची मानली जाते. काळी मुले धावतील, आदळतील, पण डोके चालवणार नाहीत, असा पक्का समज होता. कॉलेजात ही जागा खेळलेल्या काळ्या मुलाला पुढे दुसऱ्या जागी हलवले जाई. रॉबिन्सन यांनी डग विल्यम्स या मुलाला त्याच जागेसाठी तयार केले. १९८८ च्या जानेवारीत विल्यम्स यांनी वॉशिंग्टनच्या संघाला अंतिम सामना ४२-१० असा जिंकून दिला आणि सामनावीर ठरले. त्या जागेवरून ते विजेतेपद मिळवणारे ते पहिले काळे खेळाडू. 'तुमच्यात ही बुद्धीच नाही' हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे, म्हणून या घटनेचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, गोऱ्या विद्यापीठांनी दार बंद ठेवले म्हणून तर सगळी गुणी काळी मुले रॉबिन्सनकडे आली! मग त्यांचे काय विशेष? आक्षेपात तथ्य आहे. बहिष्कारामुळे त्यांच्याकडे गुणी मुले एकवटली. पण मग त्यातून निष्कर्ष काय निघतो? गुण तिथे होताच, तो पाहणारा डोळा नव्हता. आणि नुसता गुण असून भागत नाही. डबा, घंटा, घोट्याची पट्टी आणि हक्काची जागा मिळाली तेव्हाच तो मैदानावर दिसला.

दार उघडल्यावर काय झाले तेही पाहा. दक्षिणेतल्या ज्या गटात अलाबामा खेळते, त्या गटात पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला १९६७ मध्ये. त्याच गटात पहिला काळा मुख्य प्रशिक्षक नेमला गेला तो सिल्वेस्टर क्रूम, आणि त्याचा पहिला हंगाम २००४ चा. क्रूम स्वतः ब्रायंट यांच्याच हाताखाली खेळलेला. म्हणजे काळ्यांचे पाय वापरायला मान्यता मिळाली, पण काळ्यांच्या हाती शिट्टी द्यायला आणखी सदतीस वर्षे लागली. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे हाच मुद्दा मांडला होता. आमची मते दुसऱ्या कोणी मांडून चालणार नाही, निर्णयाच्या जागी आमची माणसे हवीत. मैदानालाही तेच लागू आहे.

बाळूंना बॅट का मिळाली नाही?

आपल्याकडचे सगळ्यात जुने उदाहरण पुण्याचे. पालवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात मैदानाची देखभाल करण्याच्या कामावर होते. गोऱ्या साहेबांना सराव हवा म्हणून त्यांना चेंडू टाकायला लावले गेले. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकले. पण सरावात बाळूंच्या हातात बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम बाळूंचा. एवढ्यावर बाळू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात गेले आणि ११४ बळी घेऊन आले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यासाठी १९२३ उजाडावे लागले आणि ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

बाळूंचे पुढचे राजकारण वेगळे होते, १९३७ ची निवडणूक त्यांनी बाबासाहेबांच्या विरोधात लढवली, हे आपण विसरत नाही. पण खेळाडू म्हणून त्यांच्यावर जो अन्याय झाला तो त्यामुळे लहान होत नाही. पुण्याच्या त्या मैदानावर बाळूंना घडवणारा कोणी नव्हता, वापरणारे पुष्कळ होते. आजही कॉलेजच्या मैदानावर चुना मारायला, जाळी बांधायला, पाण्याच्या बाटल्या वाहायला वस्तीवरची पोरे पुढे असतात. यादी लागते तेव्हा तीच पोरे राखीव खेळाडूंत दिसतात. राखीव हा शब्द इथे कोणाला खटकत नाही!

आपला जिल्हा, आपली माणसे

सातारा जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही, इतकी उदाहरणे इथे आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते. अंगाने लहान म्हणून तिथल्या क्रीडाशिक्षकाने वार्षिक स्पर्धेच्या यादीत त्यांचे नाव घ्यायला नकार दिला, असे सांगितले जाते. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी घेऊन आले. पुढे हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एकाच कॉलेजात दोन माणसे होती. एकाने उंची पाहिली, दुसऱ्याने पोराची जिद्द पाहून आपले घर पणाला लावले. घडवणारा कोण, हे सांगायला क्रीडाशास्त्राची पदवी लागत नाही.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला हेरले, खाऊ-पिऊ घातले, पळायला लावले आणि सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीपर्यंत पोचवले. पोरगा अशक्त, धावण्यात दम टिकेना. नुसते निवडणाऱ्याने तिथेच नाव कापले असते. पण त्याला धनुर्विद्येकडे वळवले गेले, अमरावतीच्या प्रबोधिनीत तो घडला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. अशक्त मुलाला घरी पाठवायचे की त्याच्यासाठी दुसरा खेळ शोधायचा, या एका निर्णयावर ऑलिंपिकपटू आणि मजूर यांतला फरक ठरतो.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांचे सुवर्ण नागपूरच्या ओजस देवतळेने घेतले. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत. पोलीस खात्यात नोकरी करून साताऱ्यात अकादमी चालवणारा माणूस. नागपूरचे पोरगे साताऱ्याला येऊन शिकते, यातच प्रशिक्षकाचे मोल कळते. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अदितीचे वडील शिक्षक आहेत आणि त्यांनाही मुलीच्या खेळासाठी कर्ज काढावे लागले. धनुष्याची किंमत लाखात जाते. ज्याच्या घरी महिन्याचा पगारच नाही, त्याला कर्ज कोणती बँक देणार? चांगला प्रशिक्षक जिल्ह्यात असला तरी त्याच्यापर्यंतचे भाडे कोणाकडे आहे, हा प्रश्न उरतोच.

नागपूरचा मास्तर

आणि मग नागपूरचे विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरे एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. अशी पोरे हजारोंनी पाहिली असतील, पण बारसे थांबले. त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केले. त्यातून अखिलेश पॉलसारखा, गुन्हेगारीच्या वाटेवर गेलेला मुलगा २०१० मध्ये रिओच्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' २०२२ मध्ये याच कामावर आला. चौकात जयंती आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा अमिताभ बच्चन, हे दृश्य आपण टाळ्या वाजवत पाहिले.

टाळ्या ठीक आहेत. पण बारसेंच्या कामातला धडा काय? कॉलेजच्या भिंतीच्या आत त्यांना तयार मुले मिळत होती. नोकरी सुरक्षित होती. ते भिंतीबाहेर गेले आणि आधी मूल आणले, मग खेळाडू केला. कपाटातल्या करंडकांच्या हिशोबात या कामाला शून्य गुण आहेत. पोटच्या पोरासारखे एखादे पोर व्यसनातून बाहेर काढले, याची ढाल मिळत नाही.

प्रवेश मिळाला, पण पाणी?

रहिमतपूरहून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच मसूर स्टेशन आहे. १९०१ मध्ये लहानगा भीवा भावंडांबरोबर त्याच मसूरला उतरला आणि जात कळताच बैलगाडीवाल्यांनी पाठ फिरवली. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्याला प्रवेश मिळाला होता. पण बसायला स्वतःचे गोणपाट न्यायचे आणि शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी प्यायचे. शिपाई नसला तर तहानलेले राहायचे. नाव हजेरीपटावर होते, पाणी शिपायाच्या मर्जीवर होते.

आजच्या कॉलेजच्या मैदानाचे नेमके तसेच आहे. प्रवेश सर्वांना खुला आहे. सूचना फलकावर लागते, 'इच्छुकांनी निवड चाचणीस उपस्थित राहावे.' चाचणी सकाळी सातला आणि गावातून पहिली एसटी निघते साडेसातला. आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथली किती तरी मुले अशा चाचणीला पोचतच नाहीत. पोचली तर अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी. दहा मिनिटे पळवून पाहतात आणि 'स्टॅमिना नाही' म्हणून परत पाठवतात. आदल्या रात्री पोटात काय होते, हे कोणी विचारत नाही. मुलींचे तर विचारूच नका. कपडे बदलायला जागा नाही, संध्याकाळी उशिरा परतायला सोबत नाही, म्हणून घरचेच नको म्हणतात, आणि अहवालात लिहिले जाते की मुलींचा प्रतिसाद नाही.

हे नुसत्या हौसेचे नुकसान नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. त्यांचा रस्ता कॉलेजच्या संघातून, विद्यापीठाच्या संघातून, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रातून जातो. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कॉलेजांसाठी ती पहिली पायरी शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धांची. सकाळी सातच्या त्या चाचणीत जो गळाला, त्याच्या घरातली एक सरकारी नोकरीही तिथेच गळाली.

मग करायचे काय?

तरुणांनो, नुसता संताप पुरेसा नाही. आपल्या भागातल्या कोणत्याही कॉलेजच्या प्रशिक्षकाचे मोठेपण मोजायचे असेल तर चार प्रश्न विचारा. पहिला, तुमच्या संघात आलेल्या मुलांपैकी किती जणांना याआधी कोणी प्रशिक्षक मिळाला नव्हता? दुसरा, पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षी किती टिकले? तिसरा, न खेळू शकलेल्यांचे आणि दुखापत झालेल्यांचे पुढे काय झाले, पदवी पूर्ण झाली का? चौथा, निवड समितीत आणि मदतनिसांत वस्तीतून आलेली माणसे किती, महिला किती? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याच्या कपाटात एकही ढाल नसली तरी त्याचा सत्कार आपण करू.

जिमखान्याची फी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतली जाते, न खेळणाऱ्याकडूनही. ती कुठे खर्च होते हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. अनुदानित कॉलेजांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. बूट किती घेतले, प्रवासखर्च किती मुलांना दिला, आहारभत्ता कोणाला मिळाला, याचा साधा अर्ज करा. भांडणाच्या भाषेत नको, नागरिकाच्या भाषेत करा. चाचणीची वेळ एसटीच्या वेळेला धरून ठेवा, अशी मागणी प्राचार्यांकडे लेखी द्या. ही मागणी लहान दिसते. पण एसटी पोचेपर्यंत चाचणी पुढे गेली तर एक आख्खी वस्ती तिथे पोचू शकते.

आणि एक गोष्ट आपल्या मंडळांसाठी. जयंतीनिमित्त क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा गावोगाव होतात. मोठे चषक, मोठी बक्षिसे, डीजे, प्रमुख पाहुणे. बक्षीस नेतो तो बाहेरून आलेला तयार संघ. म्हणजे आपणही बाबासाहेबांच्या नावाने कापणीच करतो, पेरणी नाही. त्याऐवजी एका वर्षाची बक्षिसाची रक्कम बाजूला काढा. आपल्याच वस्तीतला, विद्यापीठापर्यंत खेळलेला आणि आता बेकार बसलेला एखादा भाऊ किंवा ताई शोधा. त्यांना महिन्याचे मानधन द्या. सकाळी दीड तास मैदान, मग विहारात तासभर अभ्यास, आणि पोरांना उसळ-अंडी. पंधरा मुले पुरेत. त्यात मुली निम्म्या असल्या पाहिजेत, ही अट आधीच घाला.

कोणी म्हणेल, खेळातून क्रांती होत नाही. बरोबर आहे. पण ज्या मुलाला एका माणसाने तीन वर्षे रोज सकाळी उठवले, खाऊ घातले आणि 'तू ही जागा खेळू शकतोस' असे सांगितले, तो मुलगा पुढे कोणाच्याही 'मेरिट'च्या प्रश्नाला मान खाली घालून उत्तर देत नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत जेवायला बसवले. आधी पंगत आणि मग पदवी, हा क्रम या जिल्ह्याला ठाऊक आहे. मैदानावरही तोच क्रम लागू करा.

येत्या १४ एप्रिलच्या बैठकीत चषकाची उंची ठरवण्याआधी एवढेच ठरवा, की आपल्या वस्तीचा प्रशिक्षक कोण?

जय भीम!